हातभर शेंग

पावसाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांसमोर लांब शेंगांच्या जुड्या दिसतात. पोपटी, पांढरट, कधी टोकाला लाल डाग असलेल्या, तर कधी पूर्ण तांबड्या. केळीच्या सोपाने मध्यावर बांधलेल्या, दोन्ही बाजूंना वेणीसारख्या लोंबणाऱ्या. या शेंगेचे नाव काय, असा प्रश्न विचारून पाहा. एक सांगेल वाल, पेडण्याकडची दुसरी म्हणेल वालय, आणि पर्वरी-पणजीच्या फ्लॅटमधून आलेले गिऱ्हाईक ‘चवळीच्या शेंगा’ म्हणून तीच जुडी उचलेल.

या नावाने मला एकदा चांगलेच फसवले होते. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी मुंबईत काढली. एकदा दादरच्या मंडईत मी वाल मागितले. भाजीवाल्याने मोड आलेल्या, सोललेल्या डाळिंब्या पुढे केल्या. मी नको म्हटले, हिरवे वाल पाहिजेत म्हटले, तेव्हा त्याने पावट्याच्या चपट्या शेंगा दाखवल्या. खोली भाड्याने दिलेल्या आजींना हा प्रसंग सांगितला तर त्या म्हणाल्या, “अरे, वाल म्हणजे बिरड्याचे. तू म्हणतोस ती चवळी.” आमच्या गोव्यात पुन्हा सारस्वतांच्या स्वयंपाकघरात वालीची भाजी म्हणजे मांसल पानांचा तो वेल, ज्याला महाराष्ट्रात मायाळू म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाच्या छपराखाली तीन वनस्पती नांदतात, आणि तिन्ही एकमेकींना ओळखत नाहीत. सोनारांच्या जुन्या वजनांत गुंजेच्या जोडीला ‘वाल’ होता तो त्या बिरड्याच्या दाण्यावरून. आमच्या मांडवावरच्या वालीचा संबंध मात्र मला ‘वल्ली’ म्हणजे वेल या शब्दाशी वाटतो. तिला चढायला काहीतरी लागतेच.

हे सगळे आठवायचे कारण एक बाटली.

माझ्या आईचे माहेर पेडणे तालुक्यातले, सासर डिचोलीचे. लग्न होऊन येताना तिने वालीचे बी पदराला बांधून आणले होते असे ती सांगायची. दरवर्षी मिरगाच्या तोंडावर परसात खुंट पुरून, वर काठ्या आणि झावळ्यांच्या शिरा आडव्या टाकून मांडव व्हायचा. एका बाजूने दोडकी चढायची, दुसऱ्या बाजूने वाल. चवथीच्या खतखत्यात घरची वाल पडलीच पाहिजे हा तिचा हट्ट. शेवटच्या काही शेंगांना ती चिंधी बांधायची. चिंधी बांधलेली शेंग तोडली तर आम्हा मुलांना मार मिळे. भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात त्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की दाणे काढून चुलीच्या राखेत घोळवायचे आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवायचे.

आई २०१२ साली गेली. त्या वर्षाचे बी बाटलीत होते. मी तेव्हा पणजीत राहत होतो, घर बंदच असायचे. बाटली मी आठवण म्हणून पणजीला नेली आणि कपाटात ठेवली. नऊ वर्षे ती तिथे होती. निवृत्त होऊन डिचोलीला परत आल्यावर २०२१ च्या जूनमध्ये मी ती उघडली. दाणे मोजले. त्रेचाळीस होते. राखेमुळे कीड लागली नव्हती, रंगही बरा वाटत होता, किंचित काळपट इतकेच. सगळे पेरले. आठ दिवस थांबलो, पंधरा दिवस थांबलो. एकही उगवला नाही. उकरून पाहिले तर दाणे कुजून मऊ झाले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात वेगळेच काही शोधताना माझ्या हाती भगवतीसूत्राचे भाषांतर लागले. जैनांच्या अर्धमागधी आगमांतला हा मोठा ग्रंथ. इसवीसनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे तो आजच्या रूपात लिहिला गेला, त्यातला मजकूर त्याहून जुना. त्याच्या सहाव्या शतकात गौतम महावीरांना एक प्रश्न विचारतो. कोठारात, टोपलीत, माळ्यावर ठेवलेले, शेणाने लिंपून तोंड बंद केलेले, शिक्का मारलेले धान्य उगवण्याची शक्ती किती काळ राखून असते? उत्तर धान्यागणिक वेगळे आहे. साळी, गहू, जव यांना जास्तीत जास्त तीन वर्षे. मसूर, तीळ, मूग, उडीद, वाल, कुळीथ या गटाला पाच वर्षे. जवस, करडई, कोद्रा वगैरेंना सात. आणि पाच वर्षांच्या त्या गटात कुळथाच्या पाठोपाठ एक नाव होते: आलिसंदग.

मी ते नाव दोनदा वाचले. आलिसंदग म्हणजे आमचे अळसांदे! टीकाकारांनीही त्याचा अर्थ चवळीचा प्रकार असाच दिला आहे. पाच वर्षांची मर्यादा घालून दिलेली असताना मी नऊ वर्षे बाटली कवटाळून बसलो होतो. (आजचे बीजशास्त्रज्ञ तर म्हणतील की आपल्या दमट हवेत दोन-तीन वर्षेही खूप झाली.)

गोमंतकीय वाचकाला अळसांदे काय हे सांगायला नको. आमचे तोणाक त्याचेच. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजलेले ते टपोरे दाणे आणि सोबत उंडे किंवा पाव, हा कित्येक गोवेकरांचा सकाळचा नाश्ता आहे. पण पुण्यामुंबईच्या वाण्याकडे हा शब्द चालत नाही, तिथे चवळी म्हणावे लागते. दक्षिणेला जा, कन्नडमध्ये अलसंदे, तेलुगूमध्ये अलसंदलु. म्हणजे या शब्दापुरते आपण गोवेकर दख्खनच्या दक्षिण बाजूला बसतो.

या शब्दाच्या उगमाविषयी एक ओढाळ तर्क आहे. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आपले जन्मस्थान अलसंद असल्याचे सांगतो. हे अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया. अलेक्झांडरने वसवलेल्या अनेक नगरांपैकी बहुधा काबूलच्या बाजूचे. तेव्हा अलसंदाहून आलेले धान्य ते आलिसंदग, असे काही अभ्यासक जुळवतात. शब्दांच्या साम्यावर इतिहासाची माडी चढवायला मी कचरतो. कारण चवळी भारतात अलेक्झांडरच्या कितीतरी आधी पोचली होती, इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकातच. पण वस्तू आधी येते आणि तिच्या एखाद्या चांगल्या वाणाचे नाव नंतरच्या व्यापाऱ्याबरोबर येते, असेही घडते. मोसंबीत मोझांबिक दडला आहे म्हणतात, म्हणून लिंबूवर्गीय फळे आपल्याला आफ्रिकेने दिली असे नव्हे.

चवळी मात्र खरोखरच आफ्रिकेची. घानामधल्या किंटाम्पो संस्कृतीच्या गुहांत तिचे जळके दाणे सापडले आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांनी जसा समुद्र ओलांडला तसाच तिनेही ओलांडला. आपण ज्याला गावठी, अगदी आपल्या मातीतले म्हणतो त्या जेवणातली नाचणीची आंबील आणि अळसांद्याचे तोणाक दोन्ही मुळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली आहेत. याचे मला वाईट वाटत नाही, उलट बरे वाटते. साडेतीन हजार वर्षे राहिल्यावर पाहुणा घरचाच होतो.

आता गंमत अशी की अळसांदे आणि मांडवावरची वाल ही एकाच जातीची भावंडे आहेत. मला हे बरीच वर्षे ठाऊक नव्हते. अळसांद्याची शेंग वीतभर, ताठ, दाण्यांनी गच्च भरलेली. झाड पसरते पण फार चढत नाही. वालीची शेंग मऊ, लोंबती, दाणे दूर दूर, आणि वेल माडाच्या झापापर्यंत जाईल. तरीही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी दोन्ही विग्ना उंग्विक्युलाटा. आफ्रिकेतून दाण्यासाठी आलेली चवळी आशियात, विशेषतः पूर्व आणि आग्नेय आशियात, हिरव्या शेंगेसाठी निवडली जाऊ लागली. पिढ्यानपिढ्या लांब शेंगेचे बी राखत राखत ही वाल तयार झाली. मलायात तिला काचांग पांजांग म्हणतात, अर्थ अगदी सरळ, लांब शेंग. लिनियसने १७६३ साली तिला नाव दिले सेस्क्विपेडालिस, म्हणजे दीड फुटी. दीड फूट म्हणजे अठरा इंच, आणि अठरा इंच म्हणजे आपला एक हात. स्वीडनमधल्या त्या पंडिताने लॅटिनमध्ये जे म्हटले तेच आमच्या बाजारातली बाई “हातभर शेंग” म्हणून सांगते.

एका जातीला गोव्यात ही दोन आयुष्ये का मिळाली, यावर मी मांडवाखाली बसून पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते कारण आपल्या पावसात आहे. जून ते सप्टेंबर इथे कोणतेही कडधान्य झाडावर वाळवणे अशक्य. दाणा शेंगेतच मोड काढतो किंवा बुरशीने काळा पडतो. तेव्हा पावसात शेंग हिरवी असतानाच खायची, आणि खायची तर मऊ आणि लांब हवी. सरद पीक कापल्यावर कार्तिकात शेतात जो ओलावा उरतो, त्यावर पेरायचे ते अळसांदे. पाणी द्यावे लागत नाही, थंडी-दव पुरते. माघ-फाल्गुनात कोरड्या हवेत शेंगा वाळतात, दाणा खणखणीत भरतो आणि वर्षभर टिकतो. शिवाय मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते, म्हणून अळसांद्याच्या शेतात पुढच्या पावसात भात बरे येते. हे गणित पेडणे, बार्देश, डिचोलीच्या खेर जमिनींत बसवणाऱ्यांनी रसायनशास्त्र शिकलेले नव्हते.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही अळसांदे परके वाटले नसणार. त्यांच्याकडे ही चवळी होतीच, फेजांव फ्रादे नावाची, पाद्रीबाबाची शेंग. दाण्यावरचा तो काळा डोळा त्यांना मठातल्या साधूच्या पेहरावासारखा दिसला. रोमन लोक जिला फासेओलुस म्हणत ती हीच. पुढे अमेरिकेतून राजमा आणि फरसबी आली आणि त्या नव्या शेंगांनी युरोपात जुने नाव बळकावले. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरी आज फेजांव म्हटले की लाल राजमा पुढे येतो, आणि चवळी अळसांदो म्हणूनच राहते. नावे हिसकावली जातात. भांडे मात्र तेच असते, त्यात शुक्रवारी चोरीस पडत नाही इतकाच फरक.

तर, माझ्या त्या वांझ पेरणीनंतरच्या चवथीला मी पेडण्याला मामीकडे गेलो होतो. मामी आता ऐंशीच्या पुढे. जेवायला बसलो तर पानात वालीची भाजी, वर खोबरे. पहिल्या घासालाच मी थांबलो. उठून मागच्या दारी गेलो. मांडवावर पांढरट पोपटी शेंगा, प्रत्येकीच्या टोकाला लाल ठिपका. आईच्या शेंगा.

“मामी, ही वाल तुमची मूळची?” मी विचारले.

मामी हसल्या. “ही तुजे आवयनच दिल्ली मरे!”

एका वर्षी मामीचे सगळे बी उंदरांनी खाल्ले होते. तेव्हा आईने डिचोलीहून मूठभर पाठवले. त्याआधी ते बी याच परसातून आईबरोबर डिचोलीला गेले होते. मी कपाटात जपलेले मेले, आणि जे आईने देऊन टाकले होते ते मांडवावर लोंबत होते. मामींनी निघताना वर्तमानपत्राच्या पुडीत वीस दाणे दिले आणि पैसे काढू लागलो तर रागावल्या. “बीं विकत घेवचें न्हय, मागून हाडचें.”

तेव्हापासून गेल्या काही पावसाळ्यांत मी परसात चार जातींची वाल लावून पाहिली. शास्त्रोक्त प्रयोग वगैरे नव्हे. एक मांडव, चार खुंट, एक वही.

पहिली मामीची. दुसरी डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात एका बाईकडून मागून आणलेली तांबडी. तिसरी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का मंगला, पाकिटातली. चौथे, नुसत्या हौसेने, शेतातले अळसांदे.

लांबीच्या शर्यतीत अर्का मंगलाला तोड नाही. ऐंशी सेंटिमीटर शेंग असे संस्था सांगते आणि माझ्याकडेही जवळपास तितकी भरली. शेजारची मुले ती गळ्यात घालून फिरत. दोन महिन्यांत तोडणीला येते, दोर निघत नाही, शिजतेही लवकर. पण खतखत्यात ती विरघळते. तांबडी दिसायला सगळ्यांत देखणी. मात्र तिचा रंग पाण्यात उतरतो. उकडली की मळकट हिरवी होते. म्हणून ती फोडणीवर झाकण न ठेवता परतावी. केरळच्या कृषी विद्यापीठाची वैजयंती ही अशीच लाल शेंगेची, तिकडे ती मेळुक्कुपुरट्टीत परतूनच खातात हे नंतर कळले. मामीची वाल हातभरच, क्वचित चार बोटे अधिक. तोडायला एक दिवस उशीर झाला तर दोर धरते. उत्पन्नही अर्का मंगलाच्या निम्म्याच्या आसपास. पण श्रावणातल्या आठ दिवसांच्या झडीत जेव्हा पाकिटातल्या वेलाची फुले गळून गेली तेव्हाही ही धरत राहिली, आणि दाण्याला जी किंचित गोडसर चव आहे ती दुसऱ्या कशाला नाही. चवीच्या बाबतीत मी तटस्थ नाही हे कबूल करतो. आईच्या हातचे खाऊन वाढलेला माणूस परीक्षक म्हणून बादच धरावा.

अळसांद्याने मला शहाणे केले. जूनमध्ये पेरलेले अळसांदे वाढले, पसरले, मांडवाच्या अर्ध्यावर आले, पण फूल म्हणून नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला, नुसती पाने. दिवस लहान झाल्याशिवाय ही जुनी वाणे फुलत नाहीत. अर्का मंगला वर्षभर कधीही लावा. अळसांद्याला मात्र कार्तिक माहीत असतो.

तिसऱ्या वर्षी मामीच्या वेलांत दोन रोपे अशी निघाली की शेंग लांब, टोक लाल, पण अंगावर तांबूस झाक. चवळीचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. पहाटे उमलते, दुपारपर्यंत मिटते. तरी भोवरे आणि मधमाश्या थोडी गडबड करतातच. ती दोन रोपे मी भाजीला ठेवली, बियाला नाही. तांबडीला आता घराच्या दुसऱ्या बाजूला हलवले आहे.

मांडव निदान परसात असतो, राखता येतो. शेतातल्या अळसांद्याची गोष्ट अधिक कठीण आहे. पूर्वी कापणीनंतर अख्खे शेत एकदम नांगरले जाई, सगळे एकदम पेरत, आणि गुरे सोडायची नाहीत हा गावाचा नियम असे. आता दहांतले आठ पडीक ठेवतात. मग जो एकटा पेरतो त्याच्या शेतात गावची मोकाट गुरे, मोर आणि रानडुकरे सगळी एकाच पंगतीला बसतात. डिचोलीत शिरगाव-मयेच्या बाजूला खाणीच्या मातीने शेतांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हाही त्या शेतांतला गाळ काही आपणहून उठून गेला नाही. पेडण्यात तिळारीचे पाणी आले ही चांगलीच गोष्ट, पण त्याच्या मागोमाग जमिनीचे भावही आले. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या सड्यावरून विमाने उडतात आणि भावाला आणखी पंख फुटले. मामीच्या गावात अळसांदे पेरणारी घरे मी मोजली. सात.

बाजारात ‘गावठी अळसांदे’ म्हणून जे मिळते त्यात बाहेरून आलेली चवळी मिसळलेली असते हे हात घातल्यावर कळते. आपला दाणा मोठा, तांबूस बदामी, भिजल्यावर फुगून दुप्पट होणारा. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या स्थानिक वाणांची निवड करून ती शुद्ध करण्याचे काम केले आहे, त्याचे मोल आहेच. पण थंडगार पेटीतले बी आणि मामीच्या मांडवावरचे बी यांत फरक असा की मामीचे बी दरवर्षी आपल्या पावसाची परीक्षा देते.

यंदा मांडवाच्या खालच्या अंगाला अकरा शेंगांना चिंध्या बांधल्या आहेत. एक नातीने काल तोडली, तेव्हा आता दहा. मामीच्या परसात यंदा मांडव झाला नाही, गुडघ्यांनी त्यांना उभे राहवत नाही. दाणे वाळले की पहिली मूठ पेडण्याला, त्यांच्या शेजारच्या सुनेकडे जायची आहे. दुसरी तांबडीवाल्या त्या बाईला. राहिलेली राखेत घोळवून बाटलीत, आणि बाटलीवर यंदा मी वर्ष लिहिणार आहे.